बरणीतले गप्पी

टाकीतल्या मादी माशाच्या मागून दोन लाल धागे बाहेर आलेले मुहय्योला दिसले, तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे ओरडता आलं नाही.

तिने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली, गिऱ्हाइकाचा झगा मशीनवर तसाच टाकला आणि टाकीच्या काचेला नाक लावलं. काळी मादी पाण्यात जागच्या जागी उभी होती. शेपटीखालून लालभडक, केसाएवढं बारीक काहीतरी डोकावत होतं. मादीने पंख हलवला की ते आत. स्थिर झाली की परत बाहेर. वीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला धागा कळतो. हा धागा नव्हता. हे जिवंत होतं.

"दादा, हे बघा जरा."

"सकाळपासून बघतोयच की. दुसरं काय काम ठेवलंयस मला?" खिडकीजवळच्या दिवाणावरून तिचे वडील म्हणाले.

"मग दिसलं नाही? हिच्या मागून लाल काहीतरी येतंय."

"शी करतेय ती. तुझ्याकडे असं कोणी टक लावून बघत बसलं तर आवडेल तुला?"

"शी आत-बाहेर करत नाही, दादा."

दादांना बाहेर सगळे मानाने तोश्मात अका म्हणायचे. ताश्कंदच्या रस्त्यांवरून जन्मभर ट्रॉलीबस चालवलेला माणूस. आता गुडघ्यांनी संप पुकारलेला, आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांचं जग म्हणजे दिवाण, रेडिओ आणि ही टाकी. टाकीत पूर्वी काळ्या एंजल माशांचा अख्खा कळप असायचा. मखमलीसारखे काळे, एक ठिपकासुद्धा वेगळ्या रंगाचा नाही. दादांनी निवडून निवडून ते वाण तयार केलं होतं आणि त्याचा गर्व त्यांना स्वतःच्या पोरांपेक्षा जास्त होता. मग एका कडाक्याच्या थंडीत वीज गेली, हीटर थंड पडला. टाकीवर रजया टाकल्या, गॅसवर पाणी तापवून बाटल्या सोडल्या, तरी सकाळी कळप पाठीवर तरंगत होता. उरली ही जोडी. त्या दिवशी दादा एवढंच म्हणाले होते, "हे दोघं गेले की टाकी काढून टाक. तिथे मशीन ठेव, उजेड चांगला आहे."

मुहय्योने ते तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता लाल धाग्यांकडे बघताना तिला ते आठवलं. टाकी गेली तर हा माणूस दिवसभर काय बघणार? भिंत?

रविवारी ती पक्षीबाजारात गेली. कबुतरवाले, कुत्र्याची पिल्लं कोटात घालून उभ्या असलेल्या बाया, टाक्यांखाली मेणबत्त्या लावून पाणी कोमट ठेवणारे मासेवाले, सगळ्यांना कोपराने ढकलत ती गफूर अकाच्या टेबलापाशी पोचली. गफूर अका माशांची औषधं विकायचा. दाढी दोन दिवसांची, टोपी जन्माची.

तिने लक्षणं सांगितली. तो अर्ध्यातच मान हलवायला लागला.

"जंत. आतड्याला चिकटून रक्त पितात. कुठली जात?"

"एंजल. काळे."

"तोश्मात अकाचे? आहेत अजून?" त्याचा चेहरा बदलला. त्याने एका डब्यातून पांढरी पूड काढली, सोनाराच्या काट्यावर तोलली आणि कागदात बांधली. "हे मेंढ्यांचं औषध आहे. भडकू नकोस. जंत म्हणजे जंत, मेंढीच्या पोटात असो की माशाच्या. आता नीट ऐक. टाकीतला दिवा बंद कर, वर जाड पांघरूण घाल. उजेडात हे औषध मरतं."

"बरं."

"बरं काय, पुढे ऐक. याने जंत मरत नाहीत, लुळे पडतात. सुटून खाली पडतात. दुसऱ्या दिवशी नळीने सगळा तळ ओढून घे आणि पाणी बदल. नाही ओढलास तर मासे तेच वेचून खातील आणि मला शिव्या घालत येशील."

"मी शिव्या घालत नाही."

शेजारचा कॅनरीवाला खोकला. त्याला मुहय्यो माहीत होती.

"तीन आठवड्यांनी परत एकदा," गफूर अका म्हणाला. "आणि जिवंत खाऊ काय घालता? नाल्यातले लाल किडे?"

"छे! असलं काही घरात आणत नाही मी. डब्यातला कोरडा खाऊ, तुमच्याच इथला."

हे ती अगदी मनापासून म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या डोक्यातही नव्हतं.

औषध घातलं. टाकीवर पाहुण्यांसाठीची जाड रजई टाकली. दादा दिवसभर त्या रजईकडे बघून कुरकुरत होते.

"मयतावर घालतात तशी घातलीयस."

"दादा!"

"मग काय म्हणू? खिडकीत बसवलंयस आणि खिडकीच झाकलीयस."

दुसऱ्या दिवशी रजई काढली तर वाळूवर बारीक लाल कुरळे दोरे पडलेले. मुहय्योने नळी तोंडाने ओढून चालू केली आणि तळाचा कोपरा न् कोपरा साफ केला. दादा दिवाणावरून हुकूम सोडत होते: डावीकडे, दगडाखाली, अगं दगड उचल ना. तिने एकदाच मागे वळून बघितलं आणि त्यांनी रेडिओ लावला.

आठवडा गेला. मादी खायला लागली. पोटाची खोबण भरली. पुढच्या डोसाची पुडी कपाटात तयार होती. आनंदाच्या भरात मुहय्योने भाताचं सूप केलं, भरपूर कोथिंबीर घालून, आणि तीन लिटरची बरणी भरून समोरच्या घरी दिली.

समोर जुल्हुमोर ओपा, म्हणजे जुल्हुमोरताई, राहायची. बालवाडीत स्वयंपाकीण. हात इतका सढळ, की चार माणसांचं करायला घेतलं तरी चाळीस पोरांचं व्हायचं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गप्पी माशांची एक छोटी टाकी होती. आणि त्या जिन्यात, त्या इमारतीत, खरं तर अख्ख्या महल्ल्यात, आलेलं भांडं रिकामं परत करायचं म्हणजे लाज. साखरेचे चार खडे घाला, मूठभर बेदाणे घाला, पण रिकामं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने एकदा ओपाची परात धुऊन पुसून कोरडी परत केली होती, तेव्हापासून ओपा तिच्या सलामालाही उत्तर देत नव्हती.

मुहय्योची बरणी परत यायची तेव्हा तिच्यात पाणी असायचं आणि पाण्यात गप्पी. "दादांच्या माशांना," ओपा म्हणायची. त्याही वेळी तशीच आली. मुहय्योने बरणी टाकीवर तिरकी केली आणि काळी जोडी बाणासारखी सुटली. नराने एक गिळला, मादीने दोन. दादा मांडी थोपटून हसले.

"बघ, बघ! भूक बघ माझ्या वाघिणीची!"

ठरल्या दिवशी दुसरा डोस झाला. रजई, नळी, पाणी, सगळं परत. ओपाच्या घरी त्या आठवड्यात दोन वेळा बरणी गेली-आली.

आणि महिना उलटला नसेल, मुहय्यो झग्याला काज करत होती. तिने सहज मान वर केली. मादी स्थिर उभी होती. शेपटीखाली लाल.

तिने कात्री अशी आपटली, की दादा दचकून जागे झाले.

रविवारी पक्षीबाजाराने तमाशा बघितला.

"चुना विकता का?" मुहय्यो टेबलावर हात आपटून म्हणाली. "दोन वेळा घातला तुमचा चुना! अंधार केला, तळ ओढला, पाणी बदललं. पाण्याच्या बादल्या चढवून माझे खांदे गेले! आणि जंत आहेत तिथेच!"

"हळू बोल, पोपट शिकतात," कॅनरीवाला म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका!"

गफूर अकाने काट्यावरची पुडी शांतपणे बांधून पूर्ण केली. "पहिल्या वेळी जंत पडले होते?"

"पडले होते."

"म्हणजे चुना नाही. तुझ्या टाकीत बाहेरून काहीतरी जातंय."

"काय जातंय? काही जात नाही!"

"जंत हवेतून येत नाहीत, बाई. जरा डोकं थंड करून बघ."

"डोकं थंडच आहे माझं!" असं म्हणून ती निघाली ती थेट बसस्टॉपवर. मग आठवलं, की दादांसाठी पर्सिमनची फळं घ्यायची राहिली. परत बाजारात जायची लाज वाटली. ती रस्त्यावरच्या म्हातारीकडून घेतली, कच्ची निघाली. सगळा दिवसच तसा.

चार मजले चढून वर आली तर दारात बरणी. परवा तिने लोणचं भरून ओपाला दिलेली. स्वच्छ धुतलेली, पाणी भरलेलं, आत चार-पाच गप्पी. तोंडावर मलमलीचा तुकडा रबराने लावलेला, माशांना गुदमरायला नको म्हणून.

मुहय्योने बरणी उचलली, आत नेली, रबर काढला. टाकीचं झाकण उघडलं. नेहमीसारखी बरणी तिरकी करणार, तेवढ्यात खिडकीतून उतरत्या दुपारचं ऊन काचेतून आरपार गेलं आणि बरणीतली सगळ्यात जाड गप्पी तिच्या डोळ्यांसमोर थांबली. पोट फुगलेलं. शेपटीखाली लाल. गप्पीने पंख हलवला, लाल आत गेलं. थांबली, लाल बाहेर.

ती बरणी तशीच धरून उभी राहिली. मग टेबलावर ठेवून बाकीच्या बघितल्या. त्यातल्या तिघींना होतं.

"काय झालं?" दादांनी विचारलं. "घाल की. वाट बघतायत दोघं."

"दादा, आपण जिवंत खाऊ घालतो."

"कुठे? कधी?"

"हा काय?" तिने बरणीवर बोट ठेवलं. "ओपा देते तो."

"तो खाऊ थोडाच आहे? ती तर भेट..." दादा बोलता बोलता थांबले. त्यांनी टाकीकडे बघितलं, बरणीकडे बघितलं. रेडिओवर कोणीतरी कापसाच्या भावाबद्दल बोलत होतं. त्यांनी तो बंद केला.

"नको घालूस मग यापुढे," ते म्हणाले. "पण तिला काही बोलू नकोस. घे आणि गटारात ओत."

"आणि तिच्या टाकीचं काय? सगळ्या गप्पी मरतील. आणि ती पाठवत राहणार. किती दिवस ओतू? परवा ती स्वतः आली होती, 'खातात का बघू दे' म्हणून इथे उभी राहिली होती. समोर ओतू?"

"हळू सांग मग. तुला हळू येत नाही."

"येतं मला."

तिला येत नव्हतं, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. तरी तिने बरणी घेतली आणि समोरचं दार वाजवलं.

जुल्हुमोर ओपा कोपरापर्यंत पिठात होती. "ये ये, समोसे भरतेय. दादांना गरम देते. बरणी का परत आणलीस? आवडल्या नाहीत?"

"ओपा, या गप्पींना मागून लाल येतंय, बघितलंस?"

"हो तर!" ओपाचा चेहरा उजळला. "दिवस गेलेत त्यांना! लाल दिसलं की पिल्लं होणार, मला आता कळतं ते. मी मुद्दाम निवडून घालते तुमच्या बरणीत. बारीकसारीक माझ्याकडे ठेवते, पोटुशी तुमच्याकडे. म्हटलं, दादांचे मासे राजघराण्यातले, त्यांना किरकोळ कसं पाठवायचं?"

मुहय्योने ठरवलेली सगळी वाक्यं तिथेच गळून पडली.

"ते जंत आहेत, ओपा."

"काय?"

"पोटातले जंत. तुझ्या माशांना आहेत. ते खाऊन आमच्यांना झाले. दोनदा औषध केलं, दोनदा परत आले. मी गफूर अकाला भर बाजारात चोर म्हणून आले."

ओपाने हातातल्या समोशाकडे बघितलं, तो अर्धवट मिटलेला ताटात ठेवला. नळ सोडला आणि हात धुवायला लागली. पीठ निघून गेलं तरी धूतच राहिली.

"म्हणजे मी वर्षभर तुमच्या दारात रोगराई आणून ठेवली," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "वर मलमल बांधून."

"तसं नाही म्हणाले मी."

"कसंही म्हण. बरणी ठेव तिथे."

मुहय्योने बरणी ठेवली. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. तिला शोधूनही सापडलं नाही, आणि न सापडल्याचा राग आला, तो राग चेहऱ्यावर दिसला असणार, कारण ओपा म्हणाली, "जा तू. समोसे जळतील." समोसे अजून भट्टीत गेलेही नव्हते.

"बोललीस?" घरी आल्यावर दादांनी विचारलं.

"बोलले."

"कसं?"

"खरं होतं तेच."

दादांनी डोळे मिटले. मग दिवाणाच्या कडेला हात टेकून उठायला लागले. मुहय्यो धावली, त्यांनी काठीने तिला बाजूला केलं. उन्हाळ्यापासून ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. जिन्यातली ती पाच-सहा पावलं त्यांनी भिंत धरून, मध्ये थांबून, दम घेत टाकली. मुहय्यो मागे हात पसरून, जणू दुधाचं पातेलं उतू जाणार आहे.

"जुल्हुमोर! चहा आहे का गं घरात, की तोही संपवलास?"

ओपाने दार उघडलं आणि बघतच राहिली. "तुम्ही? बाई गं, या, बसा. मुहय्यो, धर की त्यांना, काय बघत उभी आहेस!"

दादा स्टुलावर टेकले, पेला घेतला, एक घोट प्यायले. मग म्हणाले, "वसंतात मी तुला रोप दिलं होतं ना? टाकीतलं. लांब पानांचं."

"मला?" ओपा आठवायला लागली. "तुम्ही दिलं होतं?"

"मग काय ट्रॉलीबसने दिलं? तुझ्या टाकीतलं पाणी हिरवं होत होतं, म्हणून दिलं. त्या रोपाबरोबर गेलं हे. घाण आमच्या घरातली. तू बिचारी परत पाठवत होतीस, एवढंच."

ओपाने तिच्या टाकीकडे बघितलं. तिथे एक रोप होतं खरं. लांब पानांचंच होतं. ते कुठून आलं कोण जाणे, पण आता ते पुरावा होऊन उभं होतं.

"तरीच!" ती कंबरेवर हात ठेवून मुहय्योकडे वळली. "मी म्हणतेय, माझ्या इथे जंत कुठून यायला! मी टाकी घासून काढते दर आठवड्याला! आणि ही पोरगी येऊन काय तोंड वर करून बोलते. आधी आपलं घर बघावं माणसाने."

मुहय्योने तोंड उघडलं. दादांनी काठीचं टोक तिच्या पायावर ठेवलं. तिने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"मग आता काय करायचं?" ओपाने विचारलं.

"औषध. दोन्हीकडे, एकाच दिवशी," मुहय्यो म्हणाली.

म्हणजे बाजारात परत जाणं आलं. गफूर अकाने तिला लांबूनच बघितलं आणि कॅनरीवाल्याला कोपर मारलं.

"काय, चुना संपला?"

"दोन टाक्यांचा द्या. एक मोठी, एक छोटी." तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "आणि गेल्या वेळी मी जे बोलले..."

"गेल्या वेळी इतकी गर्दी जमली, की माझा सगळा माल खपला. येत जा अधूनमधून ओरडायला." त्याने पूड तोलली. "सापडलं, कुठून येत होतं?"

"सापडलं."

त्याने पुढे विचारलं नाही. दादांसाठी एक डबी खाऊ मात्र वर घातला.

पुढच्या शनिवारी दोन्ही घरांची दारं उघडी होती आणि दोन्ही टाक्यांवर रजया होत्या. ओपाने लेकीच्या रुखवतातली काढली होती, लाल फुलांची. दुसऱ्या दिवशी तळ ओढताना नळी तोंडाने ओढायची तिची पहिलीच वेळ, घोटभर पाणी पोटात गेलं. "आता मलाही तेच औषध दे," ती थुंकत म्हणाली आणि दोघी बादलीजवळ बसून इतक्या हसल्या, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी पाइप वाजवला.

काळ्या मादीचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. तिसऱ्यांदा औषध पडल्यावर ती एका कोपऱ्यात तिरकी होऊन राहिली. हाडांच्या कडा दिसाव्यात इतकी बारीक झाली होती. खाऊ टाकला की तोंड फिरवायची. दादा रेडिओ लावत नव्हते. जेवणाचं ताट अर्धं परत यायचं आणि मुहय्यो ते झाकून ठेवायची. नर तिच्याभोवती फिरत राहायचा, आणि दादा दोघांकडे बघत राहायचे.

पाचव्या की सहाव्या सकाळी मादीने एक कण उचलला, थुंकला, परत उचलला. गिळला.

"भाकरी दे गं मला," दादा म्हणाले. "आणि तो पर्सिमन पिकला का?"

पुढचा डोस वेळेवर झाला, दोन्हीकडे. त्यानंतर दादा दुर्बीण लावल्यासारखे भिंग घेऊन टाकीसमोर बसायचे. लाल कुठे नव्हतं.

एकदा चहा ओतताना मुहय्योने विचारलं, "दादा, तुम्ही ओपाला खरंच रोप दिलं होतं?"

"दिलं असेल."

"तुम्ही वसंतात ओपाच्या दारापर्यंतसुद्धा गेला नव्हतात."

"मग नसेल दिलं. चहा सांडतेयस."

थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. लग्नाच्या झग्याचं काम होतं, उद्या द्यायचा होता, बाही अजून लागायची होती. मुहय्यो मशीनवर वाकली होती. मशीन खडखडत होतं.

"थांबव ते," दादा म्हणाले.

"काय?"

"मशीन थांबव. आवाज करू नकोस. इकडे ये, हळू."

ती आली. टाकीच्या मागच्या कोपऱ्यातल्या पाइपाजवळ दोघं काळे मासे उभे होते. नर पाइपाला तोंड लावून ओरबाडत होता, एकेक शेवाळाचा कण काढून टाकत होता. मग मादी पुढे व्हायची, तीच जागा परत घासायची. पोट गोल होतं तिचं. मध्येच नर दुसऱ्या बाजूने फिरून यायचा आणि परत घासायला लागायचा.

"अंडी?" मुहय्योने कुजबुजत विचारलं.

"जागा साफ करतायत. घालतील, नाहीतर नाही घालणार. हादरे बसले तर नाही घालणार."

फोन वाजला. नवरीची आई होती. झगा कधी मिळणार, पाहुणे यायला लागलेत, मुलगी रडतेय.

मुहय्यो फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं.

"उद्या नाही जमणार," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा... नाही, मशीन बिघडलेलं नाही. बंद ठेवलंय. हाताने घालते टाके... हो, हाताने. बाहीचे टाके हातानेच चांगले बसतात, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? परवा या."

मग ती झगा, सुई आणि रीळ घेऊन आली आणि दिवाणावर दादांच्या पायाशी बसली.